चौरंगाचा चौथा कोपरा

केळीचा चीक कपड्यावर पडला, की तो डाग कपड्याबरोबरच जातो, हे आमच्या जळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून इंदिराबाईंच्या दिवाणखान्यात शिरले आणि त्यांच्या कोऱ्या, सायीच्या रंगाच्या सोफ्यावर मधोमध पसरलेला तो तपकिरी डाग पाहिला, तेव्हा हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी विचारलं,

"हा पराक्रम कोणाचा?"

इंदिराबाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे वेताच्या खुर्चीवर एक उंच, सावळा मुलगा मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता. बसला कसला, अगदी काठावर टेकला होता. आपण टेकलो तेवढ्या जागेचंही काही बिघडेल, अशी त्याला भीती असावी.

"माझा," तो म्हणाला.

झालं होतं असं. गेल्या रविवारी हा मुलगा, कुंदन त्याचं नाव, चोपड्याजवळच्या गावाहून मामाला घेऊन इथं आला होता. इंदिराबाईंच्या मुलीला, ऋतिकाला, पाहायला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून सकाळीच मळ्यातून केळीचा घड कापला, गोणपाटात गुंडाळला आणि आल्या आल्या मोठ्या कौतुकानं सोफ्यावर ठेवला. "आमच्या मळ्यातली आहेत," असंही म्हणाला. गोणपाट दांड्याच्या बाजूनं उघडं होतं. पोहे येईपर्यंत चीक सोफ्यात मुरला, आणि पोहे संपायच्या आत स्थळ संपलं.

"मग आज पुन्हा कशाला आलात?" मी हातमोजे चढवत विचारलं.

"डाग माझा आहे ना... तो निघेस्तोवर मी कसा घरी बसू?"

"निघणार नाही."

त्याचा चेहरा असा पडला, की मला हसू आवरावं लागलं. "प्रयत्न करायलाच आलेय," मी म्हटलं. "पण खोटी आशा लावणं मला जमत नाही. फिकट होईल. जाणार नाही."

मी कामाला लागले. ग्लिसरीन लावून ठेवलं, मग लिंबू, मग थंड पाणी, सगळं कापसाच्या फडक्यानं टिपत टिपत. डाग चोळायचा नसतो, टिपायचा असतो. लोकांना हे कळत नाही. राग आल्यासारखे चोळतात आणि मग कापडाला दोष देतात. कुंदन मात्र खुर्चीवरून उठून जवळ येऊन बसला, फरशीवरच, आणि मी मागायच्या आधी फडकं पुढे करू लागला.

"तुमच्या पँटवर पण चीक आहे," मी म्हटलं.

"ही केळीचीच पँट आहे. आमच्याकडे सगळ्यांचे केळीचे कपडे वेगळे असतात. एकदा डागले की डागले... म्हणून भानच राहत नाही बघा."

"त्या दिवशी पण केळीचीच घातली होती?"

"नाही हो! इस्त्रीची होती." मग थोडं थांबून, हळूच, "आता ती पण केळीचीच झाली."

मी हसले. इंदिराबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या, म्हणून लगेच गप्प बसले.

डाग चहाइतका फिकट झाला आणि तिथेच अडला. मग मी गादीची चेन उघडली, खोळ काढली, आतला फोम तपासला. कोरडा होता, चीक खाली उतरला नव्हता. खोळ वाळवून उलटी चढवली. वर कोरी बाजू आली.

"एवढंच?" कुंदन म्हणाला.

"एवढंच. आधीच उलटली असती, तर आतल्या आत कुजली असती." मग इंदिराबाईंकडे वळून म्हटलं, "मावशी, कूलरचं तोंड त्या शोकेसकडे नको. पॉलिशवर पांढरट पडलंय ना, ती बुरशी नाही, कूलरची ओल आहे. आणि जेवणाच्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक काढा आता. मे महिन्यात ते चिकटतं आणि काढताना रंग घेऊन येतं."

"बाई, काढलं तर मळतील की!"

"मळल्या तर मी आहे ना."

जिन्यात कुंदननं मला गाठलं. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. त्यानं हेल्मेट घातलं, पुन्हा काढलं.

"तुमचा नंबर मिळेल का?"

"कशाला?"

"घरी... बरंच फर्निचर आहे."

मी नंबर दिला. धंद्याचा नंबर आहे, कोणालाही देते. असं मी स्वतःला स्कूटर सुरू करेपर्यंत दोनदा सांगितलं.

आता माझ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी सारिका. लोकांच्या घरचं फर्निचर साफ करते. सोफे, गाद्या, सागाचे पलंग, वेताचे झुले, पितळेच्या कड्या, काचेची कपाटं. शिकले ते कॉमर्स. पण एका उन्हाळ्यात आमच्या नानांची, म्हणजे वडिलांची, जुनी शिसवी आरामखुर्ची मी जवसाचं तेल लावून उजळली, शेजारच्यांनी पाहिली, आणि मग बोलावणी येत गेली. मला ते काम आवडतं. मळाखालून लाकडाची रेष वर येते, तेव्हा मला खरंच आनंद होतो, आणि हे कोणाला सांगायला मला लाज वाटत नाही.

लाज बाकीच्यांना वाटते. धुळ्याचं एक स्थळ आलं होतं, जितेंद्र नावाचं, ऑफिसात मोठ्या खुर्चीवर बसणारं. सगळं जमत आलं, तेव्हा तो म्हणाला, "लग्नानंतर हे पुसापुशीचं बंद करावं लागेल हं. चार लोकांत सांगता येत नाही." मी म्हटलं, "मग त्या चार लोकांशीच लग्न करा." नाना आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एकदा आरामखुर्चीत बसून म्हणाले, "हिचा डावा हात जरा कोरडा पडलाय, बघ बरं." त्यावरून मी काय ते समजले.

तेव्हाच मी ठरवून टाकलं. जो कोणी येईल त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं, काम सुटणार नाही. पटलं तर पुढचं बोलू.

कुंदनचा पहिला फोटो त्याच संध्याकाळी आला. वेताची खुर्ची.

"मळली आहे. काय करू?"

"कोमट पाण्यात मीठ. मऊ ब्रश. सावलीत वाळवा, उन्हात वेत तडकतो."

दोन दिवसांनी रेक्झिनचा दिवाण. "डोक्याच्या बाजूला चिकट झाला."

"साबणाचं फडकं पिळून फिरवा. आणि तेल लावलेलं डोकं टेकू नका."

"माझं नाही, मामाचं आहे."

"मग मामांना सांगा."

मग लोखंडी कपाटाचा गंज आला, मग बंगईच्या पितळी कड्या. आमच्याकडे घरातल्या झोपाळ्याला बंगई म्हणतात, आणि या पठ्ठ्यानं एकेका कडीचा वेगळा फोटो पाठवला. एके दिवशी तर फोनच आला.

"टीपॉयच्या संगमरवरावर लिंबू लावलं. डाग गेला, पण चमकही गेली."

"लिंबू? संगमरवराला?" मी रस्त्यात स्कूटर थांबवली. "अहो, आंबट दगडाला खातं! कोणी सांगितलं हे शहाणपण?"

"तुम्ही सोफ्याला लावलं होतं ना... म्हटलं, तुम्ही लावलं म्हणजे चांगलंच असेल."

मला ओरडायचं होतं. पण आवाज निघाला तो भलताच मऊ. "प्रत्येक गोष्टीचं वेगळं असतं. कापडाला चालतं ते दगडाला नाही. विचारून करत जा."

"रोज विचारू?"

मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.

मग एक दिवस नुसत्या लाकडी खुर्चीचा फोटो आला. स्वच्छ, पुसलेली, कोरडी. मी मोठी करून पाहिली, पायांपासून पाठीपर्यंत. काही सापडलं नाही.

"यात काय झालंय?" मी विचारलं.

बराच वेळ तो लिहीत होता आणि थांबत होता. शेवटी आलं, "काही नाही. आज घरात काही मळलंच नाही... म्हणून काय विचारावं ते सुचेना."

त्या दिवशी माझ्या हातून एका बाईच्या सोफ्याला दोनदा साबण लागला.

आषाढात चोपड्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या खुर्च्यांचं काम निघालं. काम आटोपून बाहेर आले, तर कुंदन फाटकाशी उभा. तोवर आम्ही तुम्हीवरून तूवर आलो होतो, कधी ते आठवत नाही. तो मला मळ्यात घेऊन गेला. केळीच्या रांगांतून वाट काढत बांधावर बसलो. पानांवर पाऊस टपटपत होता, आमच्यापर्यंत थेंबथेंबच पोचत होता. मी ओढणी सावरून बसले होते, चिकाच्या भीतीनं.

"सारिका, मला तू आवडतेस," तो सरळच म्हणाला. "खुर्च्या सगळ्या स्वच्छ आहेत आमच्या. कधीच्याच."

"माहिताय मला."

"मग?"

"मग काम सुटणार नाही माझं."

"सोड म्हणतंय कोण?"

"तू नाही. घरी सांगितलंस?"

तो खालचं ढेकूळ फोडत राहिला. मला एकदम सगळं कळलं.

"काय म्हणाल्या तुझ्या आई? खरं सांग. मला गोड करून नको."

"म्हणाली... पोर चांगली शे. पन लोकस्ना घरनी घान काढस, गावमा काय सांगसू?" त्यानं घाईनं पुढे जोडलं, "मी म्हटलं तिला, आपण पण लोकांच्याच घरी केळी पाठवतो. ऐकेल ती. मी मनवतो ना."

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. तेव्हाच मला समजलं, की मी या माणसात किती गुंतले आहे. पण जे ठरवलं होतं ते ठरवलं होतं.

"मनवू नकोस," मी उठले. "तुझ्या मनवण्यावर मला नांदायचं नाही, कुंदन. आज हो म्हणतील आणि मग जन्मभर पाहुणे आले की माझी पिशवी लपवतील. त्या आपण होऊन म्हणाल्या, तर ये. नाही म्हणाल्या... तर वेताच्या खुर्च्या तुझ्या तू धुवायच्या."

"सारिका—"

"मीठ घालून."

एवढं बोलून मी निघाले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले आणि अमळनेरचा फाटा येईपर्यंत मनसोक्त रडले. घरी आल्यावर पाहिलं, तर ओढणीच्या टोकाला चीक लागला होता. मी ती धुवायला घेतली नाही. घडी करून कपाटात ठेवून दिली.

त्यानंतर फोटो बंद झाले. मी म्हटलं तसंच केलं त्यानं, मनवलंही नाही आणि आलाही नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि फोन वाजला की हातातलं फडकं टाकून मी धावायचीही.

श्रावण लागला. नागपंचमी झाली, की पुढच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते. आधीचा आठवडाभर घरं घासूनपुसून लख्ख करतात, त्यामुळे माझी तर नुसती धावपळ. शनिवारी सकाळी एका घरी पितळेचे दिवे घासत होते, तेव्हा कुंदनचा फोन आला.

"सारिका, चौरंग काळा पडला."

"कुंदन, आता मी नाही हं फसणार. कसला चौरंग?"

"कानबाईचा." त्याच्या मागे कोणीतरी बाई रडत होती. "उद्या बसवायची आहे. आई सकाळपासून घासून राहिली. जितकं घासते तितका काळा होतो."

"काय केलंस तू?"

तो म्हणाला, "केळीचे खांब कापून आणले होते, चार कोपऱ्यांना बांधायला. उंची बघायची म्हणून चौरंगावर उभे करून ठेवले..."

"ताजे कापलेले?"

"ताजे."

"सोफ्यावरून काही शिकलास का रे तू?"

मी हातातले दिवे पुरे केले आणि निघाले.

त्यांचं घर नवं, स्लॅबचं. पुढच्या खोलीत ती बंगई होती, कड्या झळझळीत. माजघरात कुंदनच्या आई, भागाबाई, चौरंग पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सागाचा जुना चौरंग, कोपऱ्यांना पितळी पत्रा. पत्रा चकचकीत, आणि त्याच्या आजूबाजूचं लाकूड शाई सांडावी तसं काळंनिळं. मी उंबऱ्यापाशी पोचले, तसा त्यांनी हात वर केला.

"आठेच थांब वं माय. हात लावू नको."

कुंदन मागून हळूच म्हणाला, "आमच्या घरात कानबाईच्या चौरंगाला फक्त घरातली बाईच हात लावते. आजीनं आईच्या हाती दिला. बाहेरच्यांनी नाही लावायचा."

मी पिशवी बाहेर ठेवली आणि उंबऱ्याच्या अलीकडे मांडी घातली. "नही लावत, आक्का," मी म्हटलं. आमचे नाना धुळ्याकडच्या खेड्यातले, अहिराणी माझ्या कानातली. "तुम्हीच करा. मी आठून सांगस. काय लावं व्हतं?"

"चिच लावी. आनि तारनी घसनीवरी घसं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "चीकना डाग व्हता बोटभर. आते बठ्ठा चौरंग काया व्हई गया. मन्हा सासूनी दिधेल शे वं. लोक म्हनतीन, सूननी नासी टाका."

"तुमचा हात नाही चुकला, आक्का. चिंच आणि लोखंडी तार सागावर एकत्र आली, की लाकूड काळं पडतं. चीक राहिला बाजूला, हा तारेचा काळेपणा आहे. निघतो तो."

"निंघस?"

"निघतो. ती घासणी आधी फेकून द्या. कुंदन, लिंबं आण. आणि जुन्या धोतराचा धडपा."

भागाबाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग घासणी खिडकीतून बाहेर टाकली.

मी सांगत होते, त्या करत होत्या. अर्ध्या लिंबानं लाकडाच्या रेषेच्या बाजूनं जायचं, आडवं नाही. घासायचं नाही, नुसतं फिरवायचं. काळं विरघळायला लागलं, की लगेच पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं टिपून घ्यायचं. पुन्हा लिंबू. माझे हात शिवशिवत होते. त्यांचा हात जरा जोरात पडला, की माझी बोटं आपोआप पुढे व्हायची, आणि मी ती मांडीखाली दाबून धरायची. कुंदन लिंबं कापत शेजारी बसला होता.

"दुसऱ्यांदा तीच चूक," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"पहिल्या चुकीनं तू भेटलीस," तो तितक्याच हळू म्हणाला. "वाटलं, दुसरीनं..."

"मुद्दाम केलंस की काय?"

"देवाची शप्पथ नाही! कानबाईच्या चौरंगाशी असला खेळ करीन का मी? पण फोन लावला ना, तेव्हा रडायला पण येत होतं आणि... तू येशील म्हणून बरं पण वाटत होतं. असं दोन्ही कसं गं होतं?"

"लिंबू काप," मी म्हटलं, कारण माझंही तसंच होत होतं.

पहिला कोपरा उजळला. काळ्यातून आधी राखाडी, मग मधासारखी सागाची रेष वर आली. भागाबाई थांबल्या. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, वास घेतला, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला चांगलं ओळखीचं होतं. तोच आनंद. नानांच्या खुर्चीपासून मी ज्याच्यामागे फिरतेय तो.

"माय वं!" त्या म्हणाल्या. "हाई तं नवं दिसस."

दुसरा झाला. तिसऱ्या कोपऱ्याला त्यांचा खांदा भरून आला. त्यांनी मनगट चोळत माझ्याकडे पाहिलं.

"रोज इतलं करस तू?"

"रोज, आक्का."

"आनि इतलं करीसन पन चीकना डाग तसाच राह्यना ना."

"तो राहणारच. पुसट राहील. केळीचा आहे."

"राहू दे." त्या पहिल्यांदाच थोडं हसल्या. "केळीवालास्ना घरनी कानबाई शे. तिले माहीत शे."

बाहेर पावसाची सर येऊन गेली होती, परसातल्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. तिसरा कोपरा कोरडा करून भागाबाईंनी फडकं धुतलं, पिळलं, आणि चौथ्या कोपऱ्यावर न ठेवता बाजूला ठेवून दिलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"आक्का, एक राहिला," मी म्हटलं.

"दिसस माले."

"असा ठेवला तर पक्का होईल काळा. आत्ताच केला पाहिजे."

"मंग कर ना."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कुंदनचा सुरी धरलेला हात तसाच थांबला. भागाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर खोचलेला, हात लिंबानं आंबट झालेले.

"हाऊ सूनना कोपरा शे," त्या म्हणाल्या. "मी नही करस."

उंबरा ओलांडायचा, दोन पावलं टाकायची, बस. एवढंच तर मला हवं होतं. पण मग मला ती धुळ्याची मोठी खुर्ची आठवली, आणि बांधावर बसून मीच बोललेलं आठवलं. गप्प राहून हात लावला असता, तर ती लबाडी झाली असती. चौरंगाशीही आणि माझ्याशीही.

मी उभी राहिले. उंबऱ्याच्या अलीकडेच.

"आक्का, पहिले एक सांगस. मी हाई काम सोडनार नही. लगन व्हयनं तरी लोकस्ना घर जासू, सोफा धोसू, खुर्च्या पुससू. गावमा कोनी काय बी म्हनो. तुमले चालत व्हई, तंच मी हात लावस. मंग म्हनू नका, पोरनी सांगं नही."

कुंदन आईकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्यानं काही मनवामनवी केली नाही, एक शब्द बोलला नाही. त्यासाठी मला तो त्या क्षणी जितका आवडला, तितका आधी कधीच आवडला नव्हता.

"तुले सोड म्हनीसन कोनी सांगं?" भागाबाईंनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतं म्हणे..."

"सांगं व्हतं." त्यांनी मान हलवली. "तवय चौरंग काया नही व्हयेल व्हता."

कुंदनला हसू फुटलं. आईनं डोळे वटारले, तसं त्यानं ते खोकल्यात ढकललं. मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि या वेळी आवाज वेगळा होता.

"दख पोरी. घान काढस म्हनीसन मी बोलनू, ते मन्हं चुकनं. घान काढाले हात कसा लागस ते आज समजनं माले. जा तू बठ्ठास्ना घर. कोनी इचारं तं मी सांगसू, मन्ही सून शे, कायं पडेल लाकूड उजाळस. पन एक मन्हं बी आयक. कानबाईना दिन कोनाच घर जावानं नही. कितला बी मोठा मानूस बलाई राह्यना, तरी नही. त्या दिन चौरंग तुना."

"कबूल," मी म्हटलं.

मी उंबरा ओलांडला. हात धुतले. अर्धं लिंबू घेतलं आणि चौथ्या कोपऱ्यापाशी बसले. भागाबाई शेजारी बसून बघत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "आडवं नको, रेषनी बाजूनी," आणि आम्ही दोघीही हसलो. लाकूड वाळल्यावर जवसाचं तेल मात्र दोघींनी मिळून लावलं. त्यांचे तीन कोपरे आणि माझा एक, कुठला कोणाचा हे तेल लावल्यावर ओळखू आलं नाही. चिकाचा तो बोटभर डाग तेवढा चौरंगाच्या अंगावर राहिला.

संध्याकाळी निघताना मी बाहेरच्या खोलीत पिशवी भरत होते, तेव्हा फोन वाजला. कुंदननं फोटो पाठवला होता. तो स्वतः समोरच्या बंगईवर बसला होता, मान खाली घालून. फोटो चौथ्या कोपऱ्याचा होता, स्वच्छ, तेलानं चमकणारा.

मी तिथूनच लिहिलं, "यात काय झालंय?"

बराच वेळ तो लिहीत होता आणि थांबत होता. शेवटी त्यानं फोन बाजूला ठेवला, उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. अंगात केळीचाच शर्ट होता, डागाडागांचा.

"काही नाही झालं," तो म्हणाला. "विचारायचं होतं... करशील माझ्याशी लग्न?"

"हो," मी म्हटलं. "आणि उद्याचे खांब खाली जमिनीवर उभे कर."